उपटलेले उंबरे

एका राज्यात बारा वर्षांपूर्वी शंभर दुकानांचे उंबरे उपटले गेले. पहारीखाली लाकूड कर्र कर्र ओरडले होते. तो आवाज लुमाजी सुताराच्या कानातून अजून गेला नव्हता, कारण पहार त्याच्याच हातात होती.

विभ्रमसेन नावाच्या जादूगाराने राजासाठी नवी पेठ रचली होती. तो म्हणाला होता, "उंबऱ्याशी गिऱ्हाईक थबकतं. थबकलं की विचार करतं. काढून टाक." लुमाजीने काढले. खिडक्या बुजवल्या, भिंतीभर आरसे लावले. पेठ झगमगली. मग तो आपल्या लेकीला, रेवूला, कौतुकाने म्हणाला, "जा, बापाचं काम बघून ये."

रेवू आत गेली. तिच्यामागून निम्मे नगर गेले. परत कोणीच आले नाही.

बारा वर्षांनी एक साळुंकी लुमाजीच्या पडवीत येऊन बसली.

"तीन कामं कर. खिडकी फोड, आरसे झाक, पेठेच्या दाराला उंबरा बसव. पेठेवरचा शाप सुटेल."

"तुला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मी जादूगाराच्या पिंजऱ्यात होते."

"म्हणजे त्याचंच मीठ खाल्लंस."

"तूही खाल्लंस, सुतारा."

लुमाजीचा पक्ष्यावर विश्वास नव्हता. स्वतःवर त्याहून कमी होता. त्याने कमरेला दोर बांधला, दुसरे टोक बाहेरच्या निंबाला बांधले आणि गाठ तीनदा ओढून पाहिली. साळुंकी गाठीजवळ बसू लागली, तर तिला हाकलले. मग आत गेला.

खिडकी फोडली. ऊन आत आले, तशी बांगड्या पाहणारी एक बाई म्हणाली, "अगं बाई, उन्हं कलली की."

घोंगड्यांनी आरसे झाकले. सातशे गल्ल्या दिसत होत्या, त्यांची एकच उरली. शेवटच्या आरशात विभ्रमसेन उभा होता.

"दुकानाची धर्मशाळा केलीस, लुमाजी. गिऱ्हाईक निघून जाईल."

"जाऊ दे. त्याला घर आहे." लुमाजीने घोंगडी ओढली. आरसा जादूगारासकट विरघळला.

दारात खैराचा उंबरा बसला. पण आतल्या बाईने हळदकुंकू लावल्याशिवाय उंबरा हा नुसता ओंडकाच, हे सुताराला ठाऊक असते. आत रेवू उभी होती.

"रेवू, एवढी बोटं टेक."

"तुम्हीच काढला होतात ना?"

"मीच."

"आणि मला आत जा म्हणालात, तेही तुम्हीच."

"हो."

"मग हा तरी राहील कशावरून?"

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस. हलवून बघ."

रेवूने टाच मारून पाहिली. दोन्ही हातांनी ओढून पाहिले. खाली वाकून पाचरी मोजल्या. उंबरा हलला नाही. तेव्हा तिने शेजारच्या दुकानातून हळदकुंकू घेतले आणि पाच बोटे ओढली.

त्या क्षणी आत ते आत आणि बाहेर ते बाहेर झाले. माणसे उंबऱ्याशी थबकत, हातातले गाठोडे पाहत, नको ते तिथेच ठेवून बाहेर पडत. राजाने शंभर दुकानांना पुन्हा उंबरे बसवायची आज्ञा दिली.

सगळ्यांत शेवटी रेवू आली. लुमाजी बाजूला सरला. तिने उजवे पाऊल बाहेर टाकले, बापाच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, आणि घराच्या वाटेने चालू लागली.