समेवरचा फोटो

आपल्याइतका कथकचा जाणकार जिल्ह्यात नाही, असं नृत्यमहोत्सवाचे अध्यक्ष अप्पासाहेब शितोळे चारचौघांत सांगत. यंदा फोटोग्राफर हनीफ मुलाणीने विंगेतून फोटो काढले. त्यांत नर्तकीच्या मागे प्रेक्षकांची पहिली रांगही आली.

फोटो बघून अप्पासाहेब कमिटीसमोरच भडकले. "सगळे हात उंचावून दाद देताहेत आणि प्रत्येक फोटोत मी तेवढा ढिम्म. कॅमेरा धरता येत नसेल तर पुढच्या वर्षी येऊ नकोस."

हनीफ म्हणाला, "साहेब, गिरकी संपून नर्तकीचा पाय समेवर पडला की मी बटण दाबतो. जाणकारांचे हात तेव्हाच उठतात. तुमचा हात त्यांचे हात बघून उठतो. तोवर फोटो निघालेला असतो."

अप्पासाहेबांनी अल्बम मिटला. पुढच्या वर्षीचं बोलावणं हनीफला कमिटीकडून तिथेच मिळालं.