दीड अँपिअरचा फ्यूज

एकदा एका गावात रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ राहत. हात थरथरू लागल्यावर त्यांनी दुकान बंद केले; तरी शिकायला कुणी आले तर ते नाही म्हणत नसत. त्यांच्याकडे श्रीनिवास नावाचा एक पन्नाशीचा शिक्षक येई; तो त्यांना गुरुजी म्हणे. त्याचे थोरले बंधू महिन्यापूर्वी वारले होते. त्यांनी वाजवलेल्या हार्मोनियमची एक कॅसेट त्याला सापडली होती, आणि ती नीट ऐकता यावी म्हणून तो स्वतःच्या हाताने अँप्लिफायर बांधत होता.

जोडणी पुरी झाली. पण बटण दाबले की फ्यूज उडे. तीनदा असेच झाले. शेवटी तो अँप्लिफायर घेऊन गुरुजींकडे आला.

"दीड अँपिअरचा टिकत नाही, गुरुजी. पाचचा घालू का?"

"फ्यूज टिकेल, ट्रान्सफॉर्मर जळेल," असे म्हणून गुरुजींनी दीड अँपिअरचाच दुसरा फ्यूज बसवला आणि बटण दाबले. दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला.

श्रीनिवासचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच त्यांनी बटण बंद केले, ट्रान्सफॉर्मरमधून निघणाऱ्या दोन तारा मुद्दाम एकमेकींना जोडल्या आणि पुन्हा चालू केले. घुर्र झाले आणि फ्यूज उडाला.

"हे काय केलंत?"

"तुझ्या मनात शंका राहू नये म्हणून केलं. आकडा तोच, पण तुझा फ्यूज झटक्यात उडणारा, हा सावकाश उडणारा. सुरू होताना आतले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे असतात, ते एकदम वीज ओढतात. तो बिघाड नव्हे, रिकामेपण आहे. क्षणात ते भरतात आणि ओढ शांत होते. तेवढा क्षण सोसणारा फ्यूज इथे लागतो. खऱ्या बिघाडात तोही तोडतो, आत्ता पाहिलंस. तुझ्या फ्यूजला या दोन्हींतला फरक कळत नव्हता, एवढंच."

श्रीनिवासने उडालेल्या फ्यूजची काळवंडलेली काचनळी हातात घेतली.

"आई गेली तेव्हा दादा परगावाहून पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. चारचौघांत म्हणाला, 'तू मुद्दाम उशिरा कळवलंस.' मी तिथल्या तिथे संबंध तोडला. अकरा वर्षं. त्याची दोन पत्रं आली, ती न फोडता परत पाठवली. तो गेला तेव्हाही मी गेलो नाही." त्याने फ्यूज टेबलावर ठेवला. "त्या दिवशी तो रिकामा झाला होता, गुरुजी."

गुरुजींनी खोटा धीर दिला नाही. "त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही. घरी कोण आहे?"

"वहिनी."

रविवारी तो वहिनींकडे गेला. "आता आलात, भावोजी? कुणाला भेटायला?" एवढे म्हणून त्या थांबल्या नाहीत. अकरा वर्षांचे साचलेले सारे त्या बोलल्या. काही खरे, काही अन्यायाचे. श्रीनिवासचे कान तापले. दोनदा उठून जावेसे वाटले, तरी तो बसून राहिला.

हळूहळू वहिनींचा आवाज उतरला. "शेवटच्या आठवड्यात दाराकडेच डोळे लागले होते त्यांचे."

त्याने मान खाली घातली. वहिनींनी पदराने तोंड पुसले आणि टेबलावरचा पंखा त्याच्या बाजूला वळवला.