तीन पायांचं यान

“मग हेही घाला की बंबात! घाला ना!”

निशिगंधाच्या हातात तीन पायांचं यान होतं. आजवर शेवंताक्काशिवाय त्या यानाला कुणी बोट लावलेलं नव्हतं.

“खाली ठेव.”

“नाही ठेवत.”

“निशे, खाली ठेव म्हणते ना.”

“आधी सांगा. माझं चुकलं की बंबात आणि तुमचं चुकलं की कपाटात. हा कुठला न्याय?”

न्हाणीच्या दाराशी तांब्याचा बंब नुकता पेटला होता. त्याच्या नळीतून धूर निघत होता. शेवंताक्का खांद्यावर पंचा टाकून उभी होती, आणि तिच्या हातात निशिगंधाचं यान होतं. चार पायांचं, सोनेरी. त्यातला एक पाय मघाच्या ओढाओढीत निखळून लोंबत होता.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागे शेवंताक्काचं घर. पेढ्याबर्फीची खोकी करणारं घर. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही, आणि त्याचं तिला कधी दुःख झालं नाही. वर्तमानपत्रातल्या फोटोवर पट्टी ठेवायची, शेजारी उभ्या माणसाच्या उंचीवरून यानाची उंची काढायची, हे ती एकटी बसून शिकली. पुठ्ठा, कामट्या, मैद्याची खळ आणि मिठाईचा सोनेरी कागद. एवढ्यावर तिनं चंद्रावर गेलेली, न गेलेली, अर्ध्यातून परत फिरलेली सगळी यानं करून ठेवली होती. कपाटाची काच पुसायचीसुद्धा ती कुणाला देत नसे.

तिचे नियम दोनच.

मापात चुकलेलं घरात ठेवायचं नाही. बंबात घालायचं, त्यावर पाणी तापवायचं, अंघोळ करायची आणि नव्यानं बसायचं.

आणि दुसरा, पारोशा अंगानं खळीच्या वाटीला हात लावायचा नाही. ताप असो, पाहुणे असोत, आधी अंघोळ.

निशिगंधा तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे शिकायला आली, तेव्हा जिल्ह्यातल्या विज्ञान प्रदर्शनाचं बक्षीस घेऊन आली होती. नाक सरळ आभाळाला. शेवंताक्कानं तिचं बक्षीस मिळवलेलं रॉकेट हातात घेतलं, पट्टी लावली आणि काही न बोलता बंबात टाकलं. पोरगी दुसऱ्या दिवशी परत आली. तेव्हाच आक्काला ती आवडली होती, पण हे तिला सांगायचं कशाला?

त्यानंतर एक उपग्रहही बंबात गेला. निशिगंधानं तोंडातून शब्द काढला नाही.

आज मात्र...

“माप बरोबर आहे,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः पट्टी लावलीत. सांगा, कुठे चुकलंय?”

“मापात नाही चुकलेलं.”

“मग?”

“हे कुठलं यान आहे?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“तुझ्या तोंडून ऐकू दे.”

“...आपलं. दोन हजार एकोणीसचं.”

“ते उतरलं होतं?”

निशिगंधानं लोंबत्या पायाकडे बघितलं.

“पडलं न्हवं ते? फुटलं. तुकड्यांचे फोटो आले. आणि तू त्याला चारी पायांवर उभं करून आणलंस, वर सोनेरी कागद लावून. रविवारी वाचनालयात माझ्या कपाटाशेजारी ठेवायचं म्हणतेस. लोकांना काय सांगायचं? पडलेलं उभं आहे म्हणून? अगं, केसभर माप चुकलं तर मी माफ करत नाही, हे तर अख्खं खोटं आहे.”

वाचनालयाच्या दालनात शेवंताक्काच्या यानांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात निशिगंधाचं एक ठेवू, असं आक्काच म्हणाली होती. त्या एका जागेसाठी पोरीनं चार महिने डोळे फोडले होते. आज पहाटे यान घेऊन आली, आणि आक्कानं बघितलं, मापलं, आणि बंबाकडे निघाली.

म्हणून ओढाओढ. म्हणून लोंबता पाय. आणि म्हणून कपाट उघडून ते तीन पायांचं...

“बरं,” निशिगंधा म्हणाली. “माझं खोटं. मग हे काय आहे? पहिली माणसं चंद्रावर उतरली ते यान. त्याला पाय किती होते, आक्का?”

“चार.”

“आणि ह्याला?”

“तीन.”

“म्हणजे माहीत आहे तुम्हाला!”

“तुला काय वाटलं, मला मोजता येत नाही?”

“मग हे कपाटात कसं? तेसुद्धा मधल्या फळीवर, सगळ्यांच्या पुढे! लोक येतात, हसतात. मी तीन वर्षं लोकांना सांगते, ते पडू नये म्हणून... पाय तुटला असेल म्हणून... काय काय सांगते मी तुमच्यासाठी!”

“तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?”

“कुणी नाही!”

“मग?”

“मग काय मग! माझ्या आक्काला कुणी हसलेलं मला चालत नाही, म्हणून!”

एवढं बोलून तिलाच लाज वाटली. तिनं मान फिरवली.

बंबातलं पाणी कुजबुजायला लागलं होतं.

शेवंताक्कानं पंचा खांद्यावरून काढला, दोरीवर टाकला आणि उंबऱ्यावर बसली. बसल्यावर तिचं वय दिसायचं.

“दहा वर्षांची होते,” ती म्हणाली. “आषाढ होता. आभाळ असं भरलेलं की आठ दिवस चांदोबा दिसला नव्हता. आमच्याकडे रेडिओ कुठला? चौकातल्या हॉटेलात होता. आण्णा ऐकून आले. चिंब भिजलेले. दारातनंच ओरडले, शेवंते, उतरली गं माणसं!”

निशिगंधा ऐकत नसल्यासारखी ऐकत होती.

“मी विचारलं, कशातनं उतरली? म्हणाले, यानातनं. म्हटलं, त्याला चाकं आहेत? म्हणाले, चाकं न्हाईत, पाय आहेत. म्हटलं, किती?”

“...मग?”

“मग काय. रेडिओवर कुठं सांगतात पाय किती ते? आण्णांना माहीत नव्हतं. पण माझा बाप मला कधी ‘माहीत नाही’ म्हणाला नाही. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि म्हणाले, तीन. म्हटलं, तीनच का? तर म्हणाले, खडबडीत जमिनीवर चार पायांचं डुगडुगतं. तीन पायांचं कधी डुगडुगत नाही. एवढी चंद्रावर जाणारी माणसं, त्यांना एवढं कळत नसेल होय?”

निशिगंधाला हसू आलं. रागावलेल्या माणसाला हसू यावं याचा तिला आणखी राग आला.

“लगेच बसलो करायला. बर्फीचं खोकं पालथं घातलं, तीन कामट्या तासल्या. खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळल्या. पावसाळी हवा, खळ वाळेना. मी म्हटलं, चिमटे लावू. आण्णा म्हणाले, चिमटा नुसता दाबतो, धरत नाही. हातानं धर. दोन पाय त्यांनी धरले, एक मी. दुपार झाली. पेढेवाला खोकी न्यायला आला, तोंड वाजवून गेला. आण्णा उठले नाहीत. एक पाय माझ्याकडे, दोन त्यांच्याकडे... आणि सारखं विचारत होते, आता ते तिथं काय करत असतील गं शेवंते?”

ती थांबली.

“आठवड्यानं पेपरात फोटो आला. चार पाय.”

“आण्णा काय म्हणाले?”

“काही नाही. त्यांनी बघितला. मी बघितला. त्यांनी पेपराची घडी घातली, आणि खोकी करायला बसले.”

“आणि हे?”

“हे राहिलं.”

“म्हणजे चुकीचंच आहे.”

“चुकीचंच आहे.”

“आणि मधल्या फळीवर आहे.”

“मधल्या फळीवर आहे.”

“का?”

शेवंताक्कानं हातातलं सोनेरी यान उलटसुलट करून बघितलं.

“माझं राहू दे,” ती शेवटी म्हणाली. आवाज जरा कमी कडक. “तू सांग. नंतरचं यान उतरलं न्हवं व्यवस्थित? सगळ्या देशानं पेढे वाटले, मी आठवडाभर रात्रंदिवस खोकी केली. ते का नाही केलंस? चारी पायांवर खरंच उभं राहिलेलं. ते घेऊन आली असतीस तर मी स्वतः मधल्या फळीवर ठेवलं असतं.”

“ते नको होतं मला.”

“का गं?”

निशिगंधानं तीन पायांचं यान सांभाळून खाली ठेवलं. ते डुगडुगलं नाही.

“मी आठवीत होते,” ती म्हणाली. “पप्पा दूध संघाच्या टँकरवर होते. त्या रात्री त्यांनी पाळी बदलून घेतली, माझ्यासाठी. दोघंच टीव्हीसमोर. मी पाटावर थर्माकोलचं यान ठेवलं होतं, आणि खडूनं गोल काढला होता. टीव्हीवर ते खाली यायला लागलं की मी माझं खाली आणायचं, असं ठरलं होतं.”

“हं.”

“आणि मग टीव्हीवरची सगळी माणसं गप्प झाली. माझं यान हातातच. पाटापासून एवढंसं वर. मी पप्पांना विचारलं, काय झालं? पप्पा काही बोलेनात. मी परत विचारलं.”

“मग?”

“तर म्हणाले, उतरलंय गं ते. नुसतं बोलत नाहीये. ठेव, तुझंही ठेव खाली.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मी ठेवलं,” निशिगंधा म्हणाली. “नंतर तुकड्यांचे फोटो आले. पप्पांनी मला दाखवले नाहीत, मी शाळेत बघितले. त्यांना सांगितलं नाही मी बघितले म्हणून.”

शेवंताक्का तिच्याकडे बघत राहिली.

“दीड-दोन वर्षांनी, कोरोनात, पप्पांना दवाखान्यात नेलं ते शेवटचं. तेव्हा आत सोडत नव्हते कुणाला. काचेतून बघितलं मी. आई सारखी विचारत होती, बोलले का, काही बोलले का...” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “मी म्हटलं, आहेत गं ते. नुसते बोलत नाहीयेत.”

...

शेवंताक्का उठली.

हातातलं सोनेरी यान घेऊन ती बंबापाशी गेली. निशिगंधानं डोळे मिटून घेतले. या बाईच्या नियमापुढे रडून काही होत नाही, हे तिला माहीत होतं, आणि रडून काही व्हावं अशी तिची इच्छाही नव्हती.

बंबाच्या नळीवरचं झाकण वाजलं.

डोळे उघडले तेव्हा झाकण बंद होतं. शेवंताक्का यानासकट परत येत होती. ती माजघरात, आपल्या रोजच्या जागी मांडी घालून बसली. कोनाड्यातली खळीची वाटी तिनं पुढे ओढली.

“आक्का!”

“काय?”

“अंघोळ... अंघोळ नाही झालेली तुमची.”

आक्कानं वर बघितलं नाही. कागदाची पट्टी फाडली, खळीत बुडवली, दोन बोटांत धरून निथळली. लोंबता पाय जागेवर बसवला. पट्टी गुंडाळली, एक वेढा, दुसरा वेढा, आणि अंगठ्यानं दाबून धरून बसली.

“बघत काय उभी राहिलीस? यान हलतंय. पलीकडचे दोन धर.”

निशिगंधा समोर बसली. तिनं दोन पाय धरले.

यान लहान होतं. दोघींची डोकी जवळजवळ टेकली. आक्काच्या केसांना धुराचा वास येत होता.

“एवढं घट्ट नको. धरायचंय, दाबायचं नाही.”

“हं.”

बंबातलं पाणी उकळलं, वाफ झाली, आणि खालचा विस्तव हळूहळू काळा पडत गेला. एरवी एवढ्यात आक्काची अंघोळ, चहा होऊन चार खोकी झाली असती.

दारात पेढेवाल्याचा माणूस आला. “आक्का, खोकी?”

“दुपारी ये.”

“मालक ओरडतील.”

“ओरडू दे. त्यांच्या बापाचापण बाप ओरडून गेलाय ह्याच दारातनं.”

माणूस गेला. निशिगंधाला हसू आलं, तसं यान हललं, तशी आक्कानं डोळे वटारले. मग दोघी परत स्तब्ध.

“आक्का...”

“हं.”

“रविवारी लोक विचारतील. हे तर पडलं होतं म्हणतील. मी काय सांगू?”

आक्कानं पट्टीची सुटलेली कड दुसऱ्या हातानं बसवली.

“तुम्ही म्हणालात ते बरोबरच आहे. हे चुकीचं आहे. मला माहीत होतं, करतानाच माहीत होतं.”

आक्कानं पायावरून ओघळलेली खळ बोटानं पुसली.

“बंब विझला, आक्का. पाणी गार होईल. तुम्ही जाऊन या अंघोळीला, मी परत पेटवते... आणि हवं तर हेच घालते त्यात. माझ्या हातानं घालते. खरंच घालू?”

शेवंताक्कानं अंगठा जरासुद्धा हलवला नाही.

“आज मी पारोशीच राहते,” ती म्हणाली. “तू नीट धर, ओलं आहे अजून.”