जांभळाखालचा तेरडा

फार मागे, तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक वैद्य राहत होता. माणूस हुशार, अगदी नको तितका हुशार. त्याच्या एकुलत्या एका लेकीला लहानपणापासून दमा. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध चाटवला की तिचा श्वास मोकळा व्हायचा, दुसऱ्या कशानेही नाही. आणि तो मध मिळायचा वर्षाला जेमतेम एक गाडगं.

मध वाढवायचा कसा, याचा वैद्याला ध्यास लागला. चैत्रभर तो पोळ्याखाली पांढरं फडकं पसरून बसला. माश्यांच्या पायांवरून गळलेले पराग वेचायचा आणि रानातल्या एकेका फुलाशी ताडून बघायचा. महिना संपल्यावर त्याने गावाला सांगितलं, "सगळे पराग जांभळाचेच आहेत. खालची झुडपं नि तण उगाच जमिनीचा कस खातात. उपटून टाका, जांभळं दुप्पट फुलतील."

गावात मध काढणारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "वैद्यबुवा, चैत्रात बघितलंत, तसं श्रावणातही येऊन बघा की."

"श्रावणात मध असतो का, आजीबाई?"

"नसतो."

"मग पावसात भिजत काय बघायचं?"

म्हातारी गप्प बसली. तिने भांडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटतं. पण शिकलेल्या माणसापुढे आपली जीभ अडखळते, त्याला काय करायचं.

आषाढात गावाने रान साफ केलं. तेरडा, कुर्डू, सोनकी, पावसात फुलणारं काही म्हणून ठेवलं नाही. श्रावणात माश्या बाहेर पडल्या नि रिकाम्या पायांनी परतल्या. पोळ्यांत साठवलेला मध त्यांनी खाऊन संपवला. भादव्यात सगळी पोळी ओस पडली.

पुन्हा चैत्र आला. जांभळं फुलली, आणि खरंच दुप्पट फुलली. वैद्य लेकीचा हात धरून झाडाखाली उभा राहिला. वर एकही माशी नव्हती.

"बाबा, माश्या कुठे गेल्या?" लेकीने विचारलं. एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

वैद्य म्हणाला, "मी उपाशी मारल्या, बाळ."

म्हातारीने परसातल्या तेरड्याचं मूठभर बी त्याला आणून दिलं. वैद्य दर पावसाळ्यात ते रानात पेरत राहिला. माश्या परत आल्या, पण सात वर्षांनी. पहिल्या मधाचं गाडगं घेऊन तो घरी आला, तेव्हा मध चाटायला लेक उरली नव्हती. मग रोज पावसात भिजत तो श्रावणभर रानात बसून राहायचा.

म्हणून सांगतो, ज्याच्याकडून घ्यायचं, त्याचं उरलेलं वर्ष कशावर निघतं हेही बघावं.