आपोआप उघडलेलं पान

वाचनालयाच्या वाचक-पुरस्कारासाठी प्रत्येकाने आपलं आवडतं चरित्र सुचवायचं होतं. मनोरमाकाकूंनी गावच्याच अनसूया सुईणीचं छोटंसं आत्मचरित्र सुचवलं. चातुर्मासाचा नेम म्हणून त्या आणि सासूबाई ते वाचनालयातून आणून रोज दुपारी शेजारणींना वाचून दाखवत. आता सासूबाई नाहीत, शेजारणीही पांगल्या. उरलं होतं ते हे पुस्तकच.

अध्यक्ष दादासाहेबांनी नाव खोडायला पेन उचललं. "अहो काकू, हे कोण वाचतंय? माझं चरित्र बघा. सहाशे पानं, घरोघर पोचलंय!"

"पोचलंय खरं. पण वाचलंय का, ते पुस्तकांनाच विचारू या."

काकूंनी कपाटातली दोन्ही पुस्तकं टेबलावर कण्यावर उभी धरली आणि हात सोडले. सुईणीचं पुस्तक अलगद उघडलं, थेट पुरातल्या बाळंतपणाच्या पानावर. तिथे सासूबाईंच्या बोटाचा हळदीचा डाग अजून होता. दादासाहेबांचं पुस्तक मात्र मिटलेलंच ताठ उभं राहिलं.

सगळे हसले. काकूंनी ते पदराने पुसून त्यांच्या हाती दिलं.

"राग मानू नका, दादासाहेब. रोज एक पान कुणी वाचलं, की हेही उघडेल. सुरुवात तुम्हीच करा ना!"

दादासाहेबांनी पेनाला टोपण लावलं.