मशिदीच्या दारातले भंते

“पण त्या जमावाला तुम्ही नेमकं सांगितलंत काय, भंतेजी?”

“काही नाही.”

“असं कसं? काहीतरी म्हटलंच असेल. पंचशील? एखादं बुद्धवचन?”

“बसलो होतो फक्त.”

डॉ. अनघा टिपणीसांनी रेकॉर्डर भंतेंच्या आणखी जवळ सरकवला. एवढ्या लांबून येऊन हाती दोन शब्द लागावेत, याची त्यांना सवय नव्हती.

भदंत सोपाक वैनगंगेच्या काठच्या त्या लहानशा विहारात एकटेच राहत. जन्म इथलाच, भंडाऱ्याकडचा. पण उमेदीची सारी वर्षं लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेलेली. तिथे एकदा दंगल पेटली. एका गावची मशीद जाळायला जमाव निघाला, तेव्हा हे जाऊन मशिदीच्या दारात बसले. जमाव बौद्धांचाच होता. दारापर्यंत आला, थांबला आणि परत फिरला. मशीद वाचली, आत लपलेली बायकामुलंही वाचली.

टिपणीसबाई दिल्लीच्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत. धर्म आणि प्रादेशिक सुरक्षा हा त्यांचा हातखंडा विषय. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकात सगळ्यात गाजलं ते हेच प्रकरण, भंतेंचं. भंतेंना मात्र त्या आज पहिल्यांदा भेटत होत्या.

“मी सरळ मुद्द्यावर येते,” त्या म्हणाल्या. “सरकारनं एक समिती नेमलीय. शेजारच्या देशांत धर्मावरून भडका उडतो, त्याची झळ आपल्या सीमेपर्यंत येते. उपाय काय, असं त्यांनी मला विचारलंय. माझा उपाय तुमच्यावर बेतलेला आहे.”

“माझ्यावर?”

“सीमेलगतच्या गावांतून भिक्खू नेमायचे. त्यांना शिकवून तयार करायचं. तणाव दिसला की पोलिसांच्या आधी त्यांना पुढे करायचं. बंदुकीला न जुमानणारा माणूस भिक्खूच्या अंगावरच्या चीवरापुढे थांबतो, हे तुम्ही सिद्ध केलंत. पहिली तुकडी तुम्ही घडवावी, एवढीच विनंती आहे.”

“तुकडी...”

भंतेंनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.

“कुणाची पोरं असतील ही, ताई?”

“कुणाचीही. ज्यांची तयारी असेल त्यांची.”

“म्हणजे आमच्याकडलीच असतील, गरिबाघरची.”

टिपणीसबाई घाईनं म्हणाल्या, “त्यांच्या जिवाला धोका जवळजवळ नाहीच. मी पूर्ण अभ्यास केलाय.”

भंते त्यांच्याकडे पाहत राहिले. रागानं नाही, कौतुकानंही नाही. आभाळ भरून आलंय का, हे माणूस जसं पाहतो, तसे.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नागपूरहून संध्याकाळचं विमान होतं आणि उद्या सकाळी समितीची बैठक. बाईंनी रेकॉर्डर पर्समध्ये टाकला, पदर सारखा केला आणि त्या उठल्या.

“मग तुमचा होकार समजू ना, भंतेजी?”

भंतेही उठले. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. पोचवायला येताहेत, असं बाईंना वाटलं. पण भंते दारापर्यंत गेले, वळले आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसले. तोंड आत, पाठ अंगणाकडे.

विहाराला दार एवढं एकच होतं.

बाई थोडा वेळ थांबल्या. म्हाताऱ्या माणसाला दम लागला असेल, असं त्यांना वाटलं.

“भंतेजी... मला निघायचंय.”

“निघा न.”

“तुम्ही दारात बसलात.”

“बाजूनं जागा आहे.”

होती. अंग चोरून जाण्याइतकी नक्कीच होती. बाईनं भिक्खूला स्पर्श करू नये, हे त्यांना ठाऊक होतं. पण स्पर्श न होताही जाता आलं असतं. त्यांनी निऱ्या आवरल्या. पाय उचलला... आणि होता तिथेच परत ठेवला.

“मॅडम!” अंगणातून ड्रायव्हर ओरडला. “उशीर होऊन राहिला न! विमान सुटून जाईन!”

बाई बौद्ध नव्हत्या. खरं तर कुणीच नव्हत्या. देवळातही त्या हात न जोडता मूर्तीचं शिल्प बघून येत. बैठक महत्त्वाची होती. वर्षभराची मेहनत तिच्यावर अवलंबून होती. समोर एक वाळका म्हातारा बसलेला, हातात काठीसुद्धा नाही.

पाय उचलेना.

“काहून थांबल्या, ताई?”

या प्रश्नावर त्यांनी तीन देशांत व्याख्यानं दिली होती. श्रद्धेचा धाक, संस्कारांचं ओझं, वस्त्राचा अधिकार... सगळे शब्द जिभेवर येऊन गेले. यातल्या एकानंही आत्ता त्यांचा पाय धरून ठेवला नव्हता.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“त्या दिवशीच्या लोकांनाही नसंल माहीत.”

बाई खाली सतरंजीवर बसल्या. बाहेर ड्रायव्हरनं कंटाळून इंजिन बंद केलं. नदीकडून कुणीतरी म्हशींना हाकारत होतं. दोघं समोरासमोर बसून होते. एक उंबऱ्यावर, एक आत.

बाईंनी विचारलं. आवाज आता मुलाखतीचा राहिला नव्हता.

“भीती वाटली होती तुम्हाला?”

“वाटली न. बसल्या जागीच चीवर ओलं झालं.”

अर्थ ध्यानात यायला बाईंना जरा वेळ लागला. आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

“हे माझ्या पुस्तकात नाही.”

“तुम्ही आलाच नाहीत तेव्हा, विचारायला.”

हे बोचावं म्हणून भंते बोलले नव्हते. तरी ते बोचलं. त्या प्रकरणासाठी बाईंनी राजदूतांना गाठलं होतं, लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या होत्या, पत्रकारांना रात्ररात्र फोन केले होते. भंडारा मात्र नेहमी आडवाटेला पडत आलं होतं.

भंते उठले आणि दारातून बाजूला झाले.

“जा आता. विमान मिळंल अजून.”

बाई उठल्या. वाकून त्यांनी नमस्कार केला. तो आपण का केला, हा विचारही त्यांच्या मनात आला नाही. उंबरा ओलांडून त्यांनी चपला पायात सरकवल्या. दोन पावलं गेल्या आणि थबकल्या.

काहीतरी विचारायचं राहिलं होतं. खरं म्हणजे पहिल्यांदा तेच विचारायला हवं होतं.

“भंतेजी, समजा... त्या दिवशी कुणी तुम्हाला ओलांडलं असतं तर?”

भंते नदीकडे पाहत होते.

“आदल्या दिवशी दुसऱ्या गावच्या मशिदीत बसलो होतो, ताई,” ते म्हणाले. “तिथं ओलांडूनच गेले.”