निजलेला रांजण

कोणाचं राज्य होतं ते मला विचारू नका, पण गोष्ट फार फार जुनी आहे. एका थंडगार डोंगरावर एक लहानसा द्राक्षमळा होता. मळ्यात दोनच माणसं, म्हातारे आबा आणि त्यांची लेक भिवरा.

त्या घराचं तांबडं द्राक्षासव साऱ्या मुलखात नावाजलेलं. आणि करायची रीत म्हणाल तर अगदी साधी. द्राक्षं पायांनी तुडवायची, रांजणात भरायची, झाकण लिंपायचं आणि बाजूला व्हायचं. ना गूळ घालायचा, ना मसाला. रोज सकाळी रांजणाला कान लावायचा, एवढंच काम. आत बुडबुड ऐकू आली की आबा म्हणायचे, "बोलतोय गं! बोलू दे त्याला."

त्या वर्षी आबांनी खोकत खोकत द्राक्षं तुडवली. मोठा रांजण भरला. उरलेला रस भिवराने एका मडक्यात ओतला, तेही लिंपून कोठारातल्या मागच्या गवतात ठेवलं आणि पार विसरून गेली.

वैद्य आला, नाडी पाहिली आणि भिवराला अंगणात घेऊन म्हणाला, "वेलींना पालवी फुटेपर्यंत काढतील. पुढचं माझ्या हातात नाही."

 भिवराने एकच ध्यास घेतला. आबांच्या पायांचं हे शेवटचं आसव, ते आबांच्या ओठांना लागलंच पाहिजे.

आणि नेमकी त्याच वर्षी थंडी महिनाभर आधी आली. एका सकाळी भिवराने कान लावला, तर रांजण गप्प! दुसऱ्या दिवशीही गप्प.

"आबा, रांजण मेला हो!"

"मेला नाही, निजलाय," आबा अंथरुणातून म्हणाले. "मी लहान असताना एकदा असाच निजला होता. थंडी सरून ऊन चढलं की उठेल आपणहून. हात लावू नकोस."

पण भिवराला दम कुठला निघायला! आबा आपली समजूत काढताहेत, असं तिला वाटलं. तिने रांजणाभोवती निखारे मांडले. लिंपण फोडून गूळ टाकला, दिवसातून चारदा ढवळलं. रांजण खदखदू लागला, तशी पोर आनंदाने रडली. अहो, माया आंधळी झाली की तिला कोण सांगणार?

वेलींना पालवी फुटली. आबा क्षीण आवाजात म्हणाले, "भिवरे, घोटभर दे."

तिने वाटी भरली आणि आधी स्वतः चाखली. आंबटढाण! ती वाटी ओतून टाकायला वळली. पण आबांनी वाटी मागून घेतली, घोट घेतला, डोळे मिटले.

"याला शेक दिलास ना, पोरी?"

भिवरा त्यांच्या पायांवर कोसळली. "चुकले हो आबा! तुम्हाला मिळावं म्हणूनच..."

"ठाऊक आहे मला," म्हणत आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाटी संपवली. चौथ्या दिवशी ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर भिवरा कोठार झाडायला गेली. मागचं गवत उचललं आणि थबकली. कुठूनतरी बुडबुड ऐकू येत होती. तिने विसरलेल्या मडक्याला कान लावला. आत रस जागा झाला होता, आपणहून, आबा म्हणाले होते तसाच.

पावसाळा सरल्यावर तिने ते मडकं उघडलं. एवढं गोड आसव त्या घरात कधी झालं नव्हतं. तिने पहिली वाटी आबांच्या रिकाम्या जागेपुढे ठेवली आणि ढसाढसा रडली.

पुढे भिवराने जन्मभर तो मळा राखला. रांजण गप्प झाला की ती त्याच्याजवळ नुसती बसून राहायची. पण ती वाटी प्यायला कोणी परत आलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे आपल्या वेळेनं होणार असतं, ते प्रेमापोटी केलेल्या घाईनंही नासतं.